आक्काच्या नव्या घरासाठी साधी वाकळ



या पानावर आपण माझ्याकडून लागण, खोडवा, हुमणी आणि पाचट यांविषयीच वाचत आला आहात. गळीत हंगाम संपला, ऊसतोड मजुरांच्या टोळ्या आपापल्या गावी परतल्या, आणि आता आडसाली लागणीच्या पूर्वतयारीवर लिहावे असा माझा बेत होता. परंतु मागील महिन्यात शिवारफेरीत एका वस्तीवर चहाला बसलो असताना अंगणात बाजेवर वाळत घातलेली वाकळ दिसली. मी उठून तिचा कोपरा उलटून पाहिला आणि दोन ओळींतील अंतर बोटाने मोजले. घरच्या वहिनी हसून म्हणाल्या, "साहेब, ऊस बघायला आलाय का वाकळ बघायला?"

मग मी आमच्या घरची हकीकत सांगितली. ती ऐकून त्या म्हणाल्या, "हे लिवा की आपल्या अंकात. आमास्नी उपेगी पडंल." सभासदाचा शब्द मोडू नये म्हणून हा लेख लिहीत आहे. पुरुष माणसाने वाकळीवर काय लिहावे असे कोणास वाटेल. परंतु शिवण माझी नाही, चूक तेवढी माझी आहे. ती सांगण्याचा अधिकार मला नक्कीच आहे.

पुराने नेलेले अंथरूण

माझी थोरली बहीण, आमची आक्का, पलूस तालुक्यात कृष्णाकाठच्या गावात दिली आहे. ऑगस्ट २०१९ चा महापूर आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. आक्काच्या घरात २००५ साली पाणी कुठवर आले होते त्याची खूण भिंतीवर होती. त्या भरवशावर त्यांनी अंथरुणे खुणेच्या वर वळणीवर टाकली आणि सासूबाई व दोन म्हशी घेऊन घर सोडले. पाणी ती खूण ओलांडून वर गेले.

आठ दिवसांनी परत आले तेव्हा घरात घोट्याच्या वर गाळ होता. वळणी तुटून सगळे अंथरूण त्या गाळात पडले होते. लहानमोठ्या मिळून नऊ वाकळी होत्या. त्यांतील एक आमच्या वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या धोतरांची होती. आप्पा २०११ साली वारले. त्यांच्या वर्षश्राद्धानंतर आईने ती वाकळ शिवून आक्काला दिली होती. गावाबाहेर पूरकचऱ्याचा ढीग लागला, त्यात ती गेली.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आले. तेव्हा आक्का आणि दाजींनी ठरवले की आता काठावर राहायचे नाही. गावाच्या वरच्या अंगाला दीड गुंठा जागा घेतली, आणि उसाच्या बिलातून व दुधाच्या पैशातून थोडे थोडे करीत दोन खोल्या आणि स्वयंपाकघर उभे केले. यंदा वैशाखात वास्तुशांत ठरली.

आमची आई पंचाहत्तरीच्या घरात आहे. एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्याचे व्हायचे आहे. वास्तुशांतीची तारीख कळताच ती म्हणाली, "भांडीकुंडी काय न्यायची ती तुमी न्या. माज्या हातची एक वाकळ त्या घरात पायजे."

आईच्या ट्रंकेत आप्पांची दोन धोतरे शिल्लक होती. बाकी तिची चार जुनी लुगडी. वास्तुशांतीला सव्वा महिना होता. कापड ठरले, माणूस ठरले, दिवस ठरले. राहिला तो नमुना.

चांदणीचा मोह

आमची मुलगी कॉलेजात शिकते. तिने मोबाईलवर अमेरिकेतील गोधड्यांची चित्रे दाखवली. आठ टोकांची चांदणी, चांदणीत चांदणी, रंगांच्या छटा उतरत गेलेल्या. माझे तर डोळेच दिपले. मी म्हणालो, "आई, आक्काच्या नव्या घरात जायची, तर अशीच करायची. चारचौघांत उठून दिसेल." आई काही बोलली नाही. तिचे न बोलणे म्हणजे होकार असे मी धरले, ही पहिली चूक.

दुसरी चूक अशी की कापायला आप्पांचेच धोतर आधी घेतले. पुठ्ठ्याचा त्रिकोण करून मी आणि मुलीने एका रविवारी एक अख्खे धोतर कापून टाकले. आमच्या सौभाग्यवतींनी मशीनवर जोडायला घेतले, आणि तेथे गाडे अडले. त्रिकोणाच्या टोकाला टोक लागेना. एक बाजू मोठी, एक लहान, मध्ये फुगवटा.

याचे कारण नंतर मला आईने समजावले. कापडात उभा धागा असतो आणि आडवा धागा असतो. त्या धाग्याच्या रेषेत कापड फाडले किंवा कापले तर कड सरळ राहते. तिरके कापले की कड ओढली तशी लांबते. नवे, खळीचे कापड थोडे तरी दम धरते. वीस वर्षे धुऊन मऊ झालेले धोतर मुळीच धरत नाही. चांदणीत तिरक्या कडाच जास्त. म्हणजे ज्या कापडाला जे सोसवत नाही तेच आम्ही त्याच्याकडून मागत होतो.

पंधरा दिवसांत दोन चांदण्या झाल्या, त्याही वेड्यावाकड्या. वीस हव्या होत्या. आईला त्या बारीक शिवणी दिसत नव्हत्या. ती फक्त तुकडे हातात घेऊन परत ठेवायची. एका रात्री मी हिशेब केला तेव्हा ध्यानात आले की या गतीने वाकळ दिवाळीला होईल. आप्पांचे एक धोतर मात्र तुकडे होऊन टोपलीत पडले होते. ते काही परत अखंड होणार नव्हते.

मी गेली वीस वर्षे सभासदांना सांगत आलो आहे, की शेजाऱ्याचा ऊस पाहून जात ठरवू नका. आपल्या मातीचा अहवाल पाहा. क्षारपड जमीन असेल तर को एम ०२६५ तग धरतो म्हणून तो घ्या. कोणाच्या काळ्या, निचऱ्याच्या रानात को ८६०३२ छान आला म्हणून तो आपल्या चोपणात आणू नका. आणि मीच घरी काय केले? चित्र पाहिले आणि नमुना ठरवला. कापड कसले, शिवणार कोण, वापरणार कोण, हे विचारलेच नाही.

माप घ्यायला गेलो

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने मला बोलावले. म्हणाली, "तिच्या घरात पलंग हाय का खाली निजत्यात, ते तरी बगून आलास का?" मी नाही म्हणालो. "मग जा. टेप घिऊन जा. आन् तिलाच इचार, तिला कशी पायजे."

रानात सरी मोजायचा टेप घेऊन मी आक्काकडे गेलो. समोरच्या खोलीत नवा लोखंडी पलंग होता. सव्वासहा फूट लांब, चार फूट रुंद. मी माप लिहून घेतले आणि विचारले, "आक्का, आई वाकळ करते आहे. तुला कसली हवी? नक्षीची का साधी?"

आक्का थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "हलकी पायजे बघ. भिजल्यावर मला एकटीला उचलता याया पायजे."

मला वाटले ती धुण्याविषयी बोलते आहे. दाजींचे कंबरेचे दुखणे आहे, सासूबाई थकल्या आहेत, धुणे तिला एकटीलाच करावे लागते. पण ती पुढे बोलली. "आप्पांची वाकळ मी टाकली न्हाई रं. त्या गाळात ती फुगून दगडागत झाली हुती. मी आन् शेजारीण दोघींनी धरली, तरी उचलंना. वढायला गेलो तर शिवण सुटली आन् भर समदा खाली आला. तवा हितं बसून रडले. मग ट्रॅक्टर आला, आन् पोरांनी फावड्यानं भरून नेली. आईला कसं सांगायचं ह्ये?"

२०१९ पासून ही गोष्ट तिने मनात ठेवली होती. आणि आमच्या घरी आईच्या मनात काय होते, तेही मला ठाऊक होते. आईने कधी तोंडाने म्हटले नाही, पण कोणाच्या घरी धोतराची वाकळ दिसली की ती तोंड फिरवायची. लेकीने बापाची वस्तू सहज टाकून दिली असे तिला वाटत होते.

घरी येऊन मी आईला माप सांगितले आणि आक्का जे बोलली ते जसेच्या तसे सांगितले. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सात पदर घातलं हुतं मी त्यात. थंडीचं बरं म्हणून." आणि थोड्या वेळाने, "आता दोनच पदर भर घालू. आन् सादी करू. चांदण्या ऱ्हाऊ द्यात आभाळात."

तीन साधे नमुने

आईने तीन नमुने सांगितले. तिन्हींत तिरकी कात्री कोठेच नाही, म्हणून ज्यांना पहिल्यांदाच वाकळ करायची आहे त्यांनीही बेलाशक घ्यावेत.

पहिला अखंडाचा. वर एकच सलग लुगडे आणि त्यावर फक्त धावदोऱ्याच्या ओळी. सर्वांत लवकर होतो. कापड मात्र अखंड आणि मजबूत हवे.

दुसरा पट्ट्यांचा. वेगवेगळ्या लुगड्यांच्या उभ्या पट्ट्या शेजारी शेजारी. थोडे थोडे कापड अनेक रंगांचे असेल तर हा बरा. एखादी पट्टी विरली तर तेवढीच काढून दुसरी बसवता येते.

तिसरा चौकटीचा. मध्ये एक मोठा तुकडा आणि त्याच्या चारी बाजूंनी चौकट, तिच्याबाहेर आणखी एक चौकट. जे कापड मोलाचे पण थोडे आहे, ते मध्ये ठेवायचे. कडेला घासले जाणारे, ओढले जाणारे कापड मजबूत घ्यायचे. फाटते ती कड आधी, आणि कड बदलता येते.

आमच्याकडे आप्पांचे एकच अखंड धोतर उरले होते. म्हणून चौकटीचा नमुना ठरला. सौभाग्यवतींनी शंका काढली की पांढरे मध्ये आले तर मळेल. आई म्हणाली, "मळल तर धुईल. धुयाला हलकी म्हणून तर करतूय."

ज्यांना करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी मापे देतो. तयार वाकळ ७ फूट लांब आणि ५ फूट रुंद, म्हणजे ८४ इंच बाय ६० इंच. सव्वासहा बाय चारच्या पलंगावर ती चारी बाजूंनी थोडी उतरते. प्रत्येक तुकड्याला शिवणीसाठी कडेने अर्धा इंच जादा धरला आहे.

मधला धोतराचा तुकडा ६१ बाय ३७ इंच. आतली चौकट हिरव्या लुगड्याची, तिच्या लांब बाजूच्या दोन पट्ट्या ६१ बाय ९ इंच आणि आखूड बाजूच्या दोन पट्ट्या ५३ बाय ९ इंच. बाहेरची चौकट काठाची, तिच्या लांब पट्ट्या ७७ बाय ५ इंच आणि आखूड पट्ट्या ६१ बाय ५ इंच. प्रत्येक वेळी आधी लांब बाजू जोडाव्या, मग आखूड. एवढे नऊ तुकडे. वीस चांदण्यांच्या जागी नऊ सरळ तुकडे, आणि मशीनवर ते एका दुपारी जोडून झाले.

कापडाची निवड

सुती जुने कापड काठाशी अर्धा इंच कात्रीने चिरून हाताने फाडावे. ते धाग्याच्या रेषेतच फाटते, त्यामुळे कड आपोआप सरळ येते. पट्टी घेऊन आखण्याची गरज नाही. फाडताना मध्येच वेडेवाकडे गेले तर कापड विरले आहे असे समजावे आणि ते वर न घेता आत भरात घालावे. उजेडासमोर धरून पाहिले तरी विरलेली जागा कळते.

नायलॉन-पॉलिस्टरच्या साड्या आता घरोघर पडून असतात. त्या वाकळीला वापराव्यात का, असे पुष्कळजणी विचारतात. त्या टिकतात हे खरे, पण घाम शोषत नाहीत आणि शिवताना सुतीवरून घसरतात. पायपुसणे करावे, वाकळ करू नये.

बाहेरच्या चौकटीसाठी सौभाग्यवतींनी बाजारातून तांबडे नवे कापड आणले होते. आईने त्याचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबला. फडके गुलाबी झाले. तेच कापड धोतराशेजारी गेले असते तर पहिल्याच धुण्यात आप्पांचे धोतर रंगले असते. शिवाय नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, जुने आटून गेलेले असते. दोन्ही एकत्र शिवले की धुतल्यावर चुण्या पडतात. म्हणून नवे वापरायचेच असेल तर आधी दोनदा धुऊन, वाळवून मगच घ्यावे. आम्ही ते कापड बाजूला ठेवले आणि आईच्या लुगड्यांचे जुने काठ काढून घेतले. काठाची वीण घट्ट असते, लुगडे विरले तरी काठ विरत नाही.

सरीचे गणित

वाकळीत खरा वेळ जातो तो धावदोऱ्यात. ओळी किती जवळ घालायच्या यावर सगळे अवलंबून. हे गणित मला चांगलेच ओळखीचे निघाले. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. चार फुटी सरी पाडली तर एकरात १०,८९० फूट सरी बसते, पाच फुटी पाडली तर ८,७१२ फूट. क्षेत्राला अंतराने भागले की सरीची लांबी मिळते.

वाकळीचे क्षेत्र ७ गुणिले ५, म्हणजे ३५ चौरस फूट. दोन बोटांचे अंतर, म्हणजे साधारण दीड इंच ठेवले तर शिवण २८० फूट भरते. एका बोटाचे अंतर ठेवले तर ५६० फूट, बरोबर दुप्पट. आईला सकाळी आठ ते दहा या चांगल्या उजेडात चौदा-पंधरा फूट शिवता येत होते. दोन बोटांच्या अंतराने एकट्या आईला वीस दिवस, आणि आमच्याकडे तेवढेच उरले होते. एका बोटाच्या अंतराने चाळीस दिवस. म्हणजे दोन बोटेच घ्यायची, आणि सौभाग्यवती व शेजारच्या काकूंनी दुपारी हात लावायचा असे ठरले.

अंतर वाढवले तर आतला भर सरकेल का, हा प्रश्न आलाच. सात पदर असते तर सरकला असता. दोनच पदरांचा, अखंड लुगड्यांचा भर असल्याने दोन बोटे पुरतात. बारीक तुकड्यांचा भर असेल तर मात्र एक बोटच हवे.

मांडणी अशी केली. खोली झाडून अस्तराचे लुगडे ताणून पसरले आणि चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, दोन विटा ठेवल्या. त्यावर भराचे दोन पदर, सुरकुती न ठेवता. त्यावर जोडलेला वरचा पदर. मग मधून कडेकडे हात फिरवत लांब लांब कच्चे टाके घातले. हे कच्चे टाके कंटाळा म्हणून टाळू नयेत. ते नसतील तर कडेपासून शिवत आत येता येता सगळी सुरकुती मध्ये गोळा होते. त्यानंतर कडा आत दुमडून कडेपासून धावदोरा सुरू केला. चौकटीमागून चौकट, आत आत. शेतात बैल फिरतो तसे फिरत मध्यावर यायचे.

दोरा हातभरच घ्यावा. लांब घेतला की गुंता होतो आणि गुंता सोडवण्यात वेळ जातो. गाठ दोन पदरांच्या मध्ये ओढून घ्यावी, वर राहिली तर अंगाला टोचते. आईला सुई ओवता येत नाही, म्हणून मुलगी कॉलेजला जाण्यापूर्वी दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवायची. पहिले दोन दिवस ती चांदणी गेली म्हणून रुसली होती. तिसऱ्या दिवशी आजीच्या शेजारी बसून तिनेही दोन फूट ओळ घातली. ती थोडी वाकडी आहे. आईने ती उसवू दिली नाही.

वाकळ पुरी झाली

अठराव्या दिवशी मधले तोंड तेवढे राहिले. आमच्याकडे शेवटचे तोंड शिवण्यापूर्वी आत चिमूटभर हळदकुंकू आणि ज्वारीचे पाच दाणे ठेवण्याची रीत आहे. ते आणायला मी उठलो तेव्हा आई म्हणाली, "ती टोपली पण आण." चांदण्यांसाठी कापलेल्या धोतराच्या तुकड्यांची टोपली. मला वाटले होते की ती टाकली असेल. तिने त्यातले मोठे मोठे तुकडे निवडून सपाट केले, एक पातळ पदर होईल एवढे मध्यावर पसरले आणि त्यावरून शेवटच्या ओळी घातल्या. म्हणजे कापलेले धोतरही वाकळीतच गेले. दोन चांदण्या मात्र मुलीने ठेवून घेतल्या.

मी सवयीप्रमाणे वाकळ ताणकाट्याला लावून पाहिली. कोरडी पावणेदोन किलो भरली. नंतर हौदात बुडवून, न पिळता पुन्हा लावली, तेव्हा साडेपाच किलो भरली. आईने विचारले, "उचलंल न्हवं तिला?" मी म्हणालो, "पाण्याच्या कळशीपेक्षा हलकी आहे."

वास्तुशांतीच्या दिवशी जेवणे झाल्यावर आईने गाठोडे सोडले. आक्काने वाकळ एका हाताने उचलली, झटकली आणि मधले पांढरे पाहून थबकली. "आप्पांचं?" एवढेच म्हणाली. आई म्हणाली, "व्हय. आन् आता उचलता ईल तुला." पुढे दोघी काही बोलल्या नाहीत. वाकळ पलंगावर घातली आणि दोघी तिच्यावरच बसल्या. मी आणि दाजी बाहेर मांडवाचे बांबू सोडायला गेलो.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

सभासद भगिनींनो, लेकीच्या, सुनेच्या वा बहिणीच्या घरासाठी वाकळ करणार असाल तर थोडक्यात एवढे पाहावे.

१. ज्या घरात जायची त्या घरी जाऊन अंथरुणाचे माप आधी घ्यावे, आणि वापरणारीला तिची गरज विचारावी.

२. शिवणाऱ्याची दृष्टी, हात आणि हातातले दिवस पाहून नमुना ठरवावा. क्षेत्राला अंतराने भागून शिवण किती फूट होते ते काढावे.

३. जुन्या मऊ कापडाला सरळ कडांचाच नमुना घ्यावा. मोलाचे कापड मध्ये, मजबूत कापड कडेला. ते मोलाचे कापड सर्वांत शेवटी फाडावे, आधी दुसऱ्या कापडावर हात बसवावा.

४. नव्या कापडाचा रंग ओल्या फडक्यावर पाहावा आणि ते धुऊन मगच वापरावे.

५. पूरपट्ट्यातील घरांनी आणि ज्यांना एकटीनेच धुणे करावे लागते त्यांनी जड वाकळ एक करण्यापेक्षा हलक्या दोन कराव्यात. थंडीत एकीवर एक घेता येतात, आणि वेळ आली तर एकेक करून उचलता येतात.

६. धुतल्यावर दोन्ही बाजूंनी कडक ऊन द्यावे. दमट ठेवलेली वाकळ बुरशीने आतून कुजते. ट्रंकेत ठेवताना कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा.

आपल्या भागात वाकळ, इतरत्र गोधडी, आणि सीमेपलीकडे कर्नाटकात कौदी. नावे निराळी असली तरी घरातले जुने कापड जोडून ऊब करायची रीत तीच. नक्षीच्या वाकळी करणाऱ्या भगिनी आपल्या गावोगावी आहेत, त्यांच्या हातांना माझा नमस्कारच आहे. हे चार शब्द आमच्यासारख्या साध्या हातांसाठी आहेत.

पाऊस तोंडावर आला आहे. त्यापूर्वी घरच्या वाकळी एकदा उन्हात काढून शिवण सुटली आहे का पाहून घ्याव्यात, ही विनंती. आणि जाता जाता माझ्या खात्याचे काम विसरत नाही. आडसालीसाठी ताग किंवा धैंचा करायचा असेल तर आताच पेरा, आणि खोडव्याची नोंद राहिली असेल तर गट कार्यालयात चिटबॉयकडे द्या.

आपला,
ऊस विकास अधिकारी